भरल्या गाडीचं माप

आमच्या भाऊंना गाडी चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो. पुढं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस गाड्यांतला मोठा शौकीन असेल, हायवेला काटा शंभरावर ठेवून जात असेल. तसलं काही नाही. रिसोडच्या बाजाराच्या टोकाला पत्र्याखाली टायरचं दुकान, आणि स्वतः यायचे एका म्हाताऱ्या मोपेडवर. मोपेडचं मागचं टायर इतकं गुळगुळीत की त्यात पाहून भांग पाडावा. अख्ख्या तालुक्याला टायर कसं असावं हे शिकवणारा माणूस, आणि बसायचा असल्या टायरवर. मी नवा होतो तेव्हा एकदा धीर करून म्हणालो, "भाऊ, तुमच्या गाडीचं टायर बदलून देऊ का?"

तर म्हणाले, "काहून? मी पडलो तर तुले दुकान भेटते ना."

असा माणूस. त्यांच्याबद्दल कुणी "देवमाणूस आहे हो" म्हटलं की मला आधी हसू येतं. सात वर्षं मी त्यांच्याकडं होतो. सात वर्षांत "शाबास" हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला, तोही त्यांनी जॅकला उद्देशून म्हटला होता.

सध्या मी चाकणच्या बाजूला एका मोठ्या टायरच्या दुकानात आहे. काचेचं दुकान, आत एसी, गाडीचा नंबर टाकला की कॉम्प्युटर टायरचा साइज सांगतो. माझ्या हाताखाली चार पोरं आहेत, चौघंही आयटीआय झालेली. मी आठवीतून शाळा सोडलेला. गाव एका रात्रीच्या प्रवासावर. रोज दुकान उघडताना एकदा भीती वाटते की आज कुणाला तरी कळणार, ह्याला काही येत नाही. मग पहिली गाडी येते, माझ्या तोंडून आपोआप निघतं, "घरातली किती माणसं बसतात ह्यात?" पोरं हसतात. गिऱ्हाईक बावचळतं. आणि माझी भीती जाते. हे सगळं भाऊंचं देणं. म्हणून लिहायला बसलो. पण गोड गोड लिहिलं तर ते म्हणतील, "काहून बे, मी मेलो काय?" म्हणून जसं होतं तसंच लिहितो.

भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टायरच्या दुकानात बसत. टायरच्या दुकानात! मी पायाच्या नखापर्यंत काळा, आणि ह्यांच्या कॉलरवर डाग नाही. बसायला ट्रॅक्टरचं एक जुनं टायर आडवं टाकलेलं, त्यावर चौघडी केलेलं पोतं. चहा आला की अर्धा पीत, अर्धा बाजूच्या मातीत ओतून देत. रोज. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पुरा प्याले तर चहावाल्याले वाटते चांगला झाला."

गेल्या काही वर्षांत आमच्याकडं पोरांना गाडी खाली बसवायची हौस सुटली. स्प्रिंगा बदलायच्या, गाडी दोन-अडीच इंच जमिनीकडं आणायची, मग मूळची चाकं काढून रुंद अलॉय टाकायचे आणि त्यावर रुंद टायर. रस्ते आमचे कसले, सोयाबीनच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेले, त्यावरून ही गाडी पोट घासत जाणार. भाऊ अशा गाडीला "रांगती" म्हणत. रांगती दिसली की त्यांचे डोळे चमकत. अपमान करायला माणूस मिळाला ह्याचा तो आनंद असे.

एक कापडदुकानदाराचा मुलगा आला होता. त्यानं फोन पुढं केला. "भाऊ, अशी पायजे. सतराचे अलॉय घेतले, आता असं जाड टायर बसवून द्या."

भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला, फोन हात लांब करून धरला. "फोटोत किती जन बसले?"

"कोनीच नाही. शोची गाडी हाय ते."

"मंग तुही काय शोकेसात ठेवतं?"

"नाही ना भाऊ, चालवाची हाय."

"आन खाली कायले बसवली? दमली होती?"

पोरगा हसला. आपल्यावर हसतायत हे त्याला अजून कळलं नव्हतं. भाऊंनी फोन परत दिला आणि विचारलं, "तुह्या घरात सगळ्यात जाड कोन हाय?"

"आँ?"

"जाड, जाड. वजनदार. आई? काकू?"

"भाऊ, तुमी आईवर काहून जाऊन राह्यले?"

"आई गाडीत बसन का नाही?"

"बसन."

"मंग तिले घिऊन ये. काकूले बी आन. रिकाम्या गाडीचं माप मी घेत नसतो. रिकामी गाडी खोटं बोलते."

हाच त्यांचा हट्ट. गाडी दुकानात रिकामी उभी असते तेव्हा टायर आणि मडगार्डच्या मधे चार बोटं जागा दिसते. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. पण आमच्याकडं गाडी रिकामी चालते कधी? पुढं दोन, मागं चार, मांडीवर एक, आणि डिकीत मावशीनं दिलेली तुरीची डाळ. एवढं वजन पडलं की खाली बसवलेली गाडी अजून बसते, चार बोटांचं एक बोट होतं, आणि वळणावर, नालीच्या उंचवट्यावर, टायर मडगार्डला घासायला लागतं. घासून घासून एके दिवशी बाजूनं चिरतं. म्हणून भाऊ सगळ्या घराला बोलावत. एक गुरुजी एकटेच आले होते तर त्यांना सासूबाईंना आणायला परत पाठवलं. गुरुजी भडकले, "मी नोकरदार माणूस आहे, तुम्ही मला घरी पाठवता?" भाऊ म्हणाले, "तुमी नोकरदार, पन वजनदार त्या हायेत. कोनाचं माप घिऊ?" सासूबाई आल्या, गाडीत बसल्या, आणि खरंच टायर लागलं. त्या घरात नंतर काय झालं हे मला माहीत नाही.

घरचे आले नाहीत तर शेजारच्या अडत्याकडून सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, आणून मागच्या सीटवर टाकायचे. ते उचलायचे कोणी? मी. मग टायरच्या कडेला गेरू कालवून लावायचा, गाडी मी चालवायची, स्टेअरिंग दोन्हीकडं पुरतं वळवून चकरा मारायच्या, दुकानापुढच्या नालीवरून मुद्दाम घालायची. मग भाऊ, त्या पांढऱ्या शर्टात, खाली वाकत आणि मडगार्डच्या आत बोटं फिरवत. बोटाला लाल लागलं तर "लागते". नाही लागलं तर "लागत नाही". एवढंच बोलत. "लागते" म्हटलं की ते टायर आमच्या दुकानातून बाहेर जात नसे, मग गिऱ्हाईक पाया पडो की शिव्या देवो. शिव्याच जास्त असत. निम्मे लोक अकोल्याला जाऊन तेच टायर बसवून येत आणि दुकानासमोरून हॉर्न वाजवत जात. भाऊ त्या गाडीकडं न बघता म्हणत, "ऐका आवाज. हॉर्न नाही, मांग घासून राह्यलं ते."

हे सगळं त्यांच्या डोक्यात कुठून आलं? त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना धाव चढवायचे. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती तापवून लाल करायची, चाकावर चढवायची, वरून पाणी ओतायचं, की आकसून गच्च बसते. भाऊ सांगत की त्यांचे वडील भरल्या गाडीच्या दोन चकरा पाहिल्याशिवाय धाव पास करत नसत. मला ते कधी कधी बापाचा मोठेपणा सांगणं वाटायचं. आणि रबराबद्दल तर भाऊंना मनातून तिरस्कारच होता. "धावेले हवा लागत नाही," म्हणायचे. मग टायरचं दुकान कशाला काढलं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची सोय नव्हती.

मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा बावीस-तेवीसचा होतो. रिठदचा. त्याआधी मळणीयंत्रावर गावोगाव फिरत होतो, लग्न झालेलं, एका जागची भाकर पाहिजे होती. भाऊंनी विचारलं, "किती शिकला?"

"आठवी."

"आठवी पास?"

"नाही जी. गनितात गेलो."

"मंग आठवी कायले म्हनतं? सातवी म्हन." आणि मला ठेवून घेतलं. नाव विचारलं नाही. पहिल्या दिवसापासून मी त्यांचा "रिठद" झालो. "ए रिठद, पाना आन." "रिठद, तुह्या डोक्यात हवा किती हाय, मोजली का कधी?"

पंधरा दिवसांत मी पहिली घाण केली. एक गिऱ्हाईक टायरवरचे आकडे विचारत होतं. दोनशे पाच, पंचेचाळीस, सतरा. मी ऐटीत सांगितलं, "दोनशे पाच म्हंजे रुंदी, मिलिमीटरमंदी. पंचेचाळीस म्हंजे उंची, पंचेचाळीस मिलिमीटर. आन सतरा म्हंजे डिस्कचे इंच." गिऱ्हाईक मान डोलवत गेलं. भाऊ पोत्यावरून उठले. मला वाटलं आता हाकलतात.

"पंचेचाळीस मिलिमीटर? दोन बोटाची भिंत? अबे, तेवढ्या टायरवर तं म्हैसबी बसनार नाही." आणि खडू घेऊन पत्र्यावर लिहायला लागले. "मधला आकडा टक्के हाय. रुंदीचे टक्के. दोनशे पाचचे शंभर भाग कर, त्यातले पंचेचाळीस उचल. किती झाले?"

मला टक्के येत नव्हते. टक्क्यांनीच माझी शाळा सोडवली होती. मी खाली पाहत उभा राहिलो. भाऊंनी तीन दिवस मला गाडीला हात लावू दिला नाही. सकाळी आलो की खडू हातात. एकशे पंच्याऐंशीचे पासष्ट. दोनशे पंधराचे पन्नास. वर एक भिंत, म्हणजे टायरची रबरी बाजू, खाली एक भिंत, मधे डिस्क, म्हणून भिंत दोनदा धरायची, इंचाचे मिलिमीटर करून त्यात मिळवायचे. आली चाकाची उंची. नवं चाक जुन्याएवढंच उंच पाहिजे, रुंदी वाढली तर भिंत कमी करायची. चुकलो की म्हणत, "सातवी बी खोटीच दिसते." तिसऱ्या दिवशी दुपारी बरोबर आलं. दोनशे पाचचे पंचेचाळीस, ब्याण्णव आणि वर थोडं. मला रडू यायचं बाकी होतं. आठवीच्या मास्तरांना जे दोन वर्षांत जमलं नाही ते एका कडू तोंडाच्या माणसानं तीन दिवसांत पत्र्यावर करून घेतलं. भाऊ म्हणाले, "पूस ते. पत्रा खराब झाला."

नंतर एक कारवाला मला हसला होता. "हा अनपढ सांगणार का मला साइज?" भाऊ पोत्यावरूनच बोलले, "तो आठवी नापास हाय साहेब. तुमी शिकलेले, अन् तुमच्या गाडीत पुढं एक साइज, मांग एक हाय. तुमाले कोनी नापास नाही केलं काय?" माझी बाजू घेतली की त्याची उतरवली, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

आता लग्नाचं सांगतो. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच हे सगळं.

भाऊंना एकच मुलगी. बी.एस्सी. झालेली, हुशार, हसरी, बापावर अजिबात न गेलेली. ती मला दादा म्हणायची. तिचं पहिलं एक स्थळ भाऊंनी टायरपायी मोडलं होतं. पाहुणे जीपनं आले, पोहे झाले, मुलगा चांगला होता. भाऊ पाहुण्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले, जीपच्या टायरांकडं पाहिलं आणि मुलाच्या बापाला म्हणाले, "पुढचे दोन्ही टायर आतून खाल्ले. सहा महिने झाले असन. घरात कोनाचं ध्यान नाही वाट्टे?" पाहुण्यांचा निरोपही आला नाही. मुलगी आठ दिवस बापाशी बोलली नाही. त्यानंतर दोन वर्षांनी हे मंगरूळपीरचं स्थळ जुळलं. मुलगा शेतीच्या औषधांच्या दुकानाचा, गोरागोमटा, बोलायला चांगला. एकच खोट. त्याच्याकडं रांगती होती.

साखरपुड्याला तो ती घेऊन आला नव्हता. मुलीनंच सांगून ठेवलं असावं. पण लग्नाला नवरदेवाची गाडी फुलांनी सजवून आलीच. मंगल कार्यालयाच्या बाहेर उन्हात उभी, पांढरी, पोट जमिनीला, आणि चाकं ही रुंद. मी लांबूनच वाचलं. दोनशे पंधरा, पन्नास, सतरा. मूळच्या चाकापेक्षा इंचभर उंच. तेही खाली बसवलेल्या गाडीला. कुणी तरी दुकानदारानं भरलेलं दिसावं म्हणून गळ्यात मारलेलं. मी देवाला म्हटलं, भाऊंचं तिकडं लक्ष जाऊ देऊ नको.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, उन्हं कलायला लागली. पाठवणीची घाई सुरू झाली. तेवढ्यात मुलगी मला खोलीच्या दारात बोलावून म्हणाली, "दादा, बाबा गाडी पाहून आले. मले त्यांच्या तोंडावरून कळलं. ते तुमालेच चकरा माराले लावतीन. तुमी काहीबी करा, पन 'लागत नाही' म्हना. मांगचं तं तुमाले माहीतच हाय. आता इथं, सगळ्यांसमोर झालं ना, तं मी त्या घरात तोंड कसं दाखवू?"

मी नुसती मान हलवली.

बाहेर आलो तर भाऊ गाडीसमोर उभे. नवा फेटा, खांद्यावर उपरणं, आणि चेहरा दुकानातला. नवरदेवाला म्हणत होते, "जवाईबुवा, रागावू नका. यात किती जन बसनार?"

"मी, ही, पाठराखीण म्हनून तुमच्या बहीनबाई, समोर काका, अन् गाडी चालवाले माहा दोस्त."

"पाच. अन् डिकीत?"

"भांडे हायेत ना रुखवताचे. पितळेचे."

"बसा मंग पाची जन."

नवरदेवाचे काका म्हणजे भारी प्रकरण, वजनानंही आणि मानानंही. ते व्याह्यांना म्हणाले, "इवाई, हे लग्न हाय का आरटीओची पासिंग?"

"पासिंग सोपी असते," भाऊ म्हणाले. "तुमी पुढं बसा. तुमच्यासाठीच तं चाललं हे."

लोक जमले. कुणी हसलं, कुणी म्हणालं चेष्टा आहे. वरमाईचं तोंड उतरलं. गेरू तिथं कुठला असणार? भाऊंनी इकडं तिकडं पाहिलं, ओसरीवर हळदीची वाटी उरली होती ती उचलली आणि चारही टायरांच्या कडांना ओली हळद फासायला लागले. नवरीची उष्टी हळद, टायरला! एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अव माय, डोस्कं फिरलं काय याचं?" मला त्या क्षणी भाऊंची इतकी चीड आली की सांगता येत नाही. एका दिवसापुरता बाप होता येत नाही ह्या माणसाला? पोरगी तिकडं शालूत मान खाली घालून उभी आहे, आणि हा हळदीचे हात झटकतोय.

"रिठद, चक्कर मार."

पाचही जण बसले, दोस्ताला उठवून त्याच्या जागी मी बसलो. भाऊंच्या बहीण, आत्याबाई, मागं बसल्या तशी गाडी एक श्वास सोडून खाली गेली. कार्यालयाच्या पटांगणात मी दोन्हीकडं पुरतं वळवून चकरा मारल्या. फाटकाजवळच्या नालीवरून घालताना मागून आवाज आला. खर्र. बारीक, पण मी सात वर्षं त्या आवाजासाठीच पगार घेत होतो. काका म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "फुलाची माळ घासली."

गाडी थांबवून उतरलो. भाऊ फेटा सांभाळत वाकायला लागले तेव्हा मीच पुढं झालो. "तुमी ऱ्हाऊ द्या भाऊ, कपडे नवे हायेत." मागच्या मडगार्डच्या आत बोटं घातली. बाहेर काढली. तीन बोटं पिवळी धम्मक.

वर पाहिलं तर मागच्या काचेतून मुलगी माझ्याकडं पाहत होती. रडत नव्हती. नुसती पाहत होती.

मी हात मागं नेला, पॅन्टला पुसला, आणि म्हणालो, "लागत नाही, भाऊ."

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "बरं." आणि जाऊन मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. बायका रडायला लागल्या, वाजंत्री वाजायला लागली, गाडी निघाली. मागोमाग वऱ्हाडाची बस.

धूळ बसली आणि मला कळलं मी काय केलं ते. रिसोडहून वाशिम, वाशिमहून पुढं मंगरूळपीर. पाच माणसं, पितळेची भांडी, उखडलेला रस्ता, आणि आतून टायर कापत चाललेली एक पत्र्याची कड. तापलेलं टायर बाजूनं चिरलं तर गाडी कुठं जाईल हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, दुसऱ्यांच्या गाड्यांचं. कुणाची तरी मोटारसायकल उभी होती, चावी तिलाच होती. न विचारता काढली. आयुष्यात कुणाची वस्तू न विचारता घेतली ती तेवढीच.

नशीब म्हणजे आमच्याकडचं वऱ्हाड रसवंतीशिवाय पुढं जात नाही. वाशिमच्या अलीकडं एका रसवंतीवर गाडीही थांबली होती आणि बसही. मी मोटारसायकल टाकून धावत गेलो. सगळे रस पीत माझ्याकडं पाहायला लागले. खरं सांगावं तर मुलीचं तोंड काळं, न सांगावं तर तिचा जीव. मला खोटं बोलायची सवय नाही, जे सुचलं ते बोललो. काकांना बाजूला घेऊन म्हणालो, "काका, भाऊंनी निरोप देला. म्हने, नवराबायकोले थोडं मोकळं बसू द्या. नवी जोडी हाय, मधात तुमी-आमी कायले?"

काकांचा घोट अडकला. आजूबाजूची मंडळी खो खो हसली. "अन् हे मले इवाई सांगते? त्यो? थो टायरवाला?" म्हणून ते बसमध्ये जाऊन बसले. आत्याबाईंनी मला दोन शिव्या घातल्या आणि त्याही गेल्या. राहिली भांडी. "बसच्या टपावर नीट राहतीन," म्हणत मी डिकी रिकामी केली, एकट्यानं, कट्टे उचलायची सवय होतीच. गाडीत तिघं उरले. मी वाकून पाहिलं. टायर आणि पत्र्यात दोन बोटं दिसली. दोस्ताला म्हटलं, "चाळीसच्या वर जाऊ नको, अन् नालीवर गाडी आडवी घालजो." त्याला काय कळलं कुणास ठाऊक. मुलीला सगळं कळलं. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. हातातला रसाचा ग्लास तसाच भरलेला ठेवला.

परत आलो तर मांडवात भाऊ एकटे खुर्चीवर. फेटा मांडीवर. मी समोर जाऊन उभा राहिलो. अजून तोंड उघडलं नव्हतं.

"कोन कोन उतरलं?" त्यांनी विचारलं.

"काका. आन आत्याबाई."

"भांडे?"

"बसवर टाकले."

"मंग पोचतीन." मग म्हणाले, "हात पुसाले पॅन्टच भेटली तुले? मांगून सगळी पिवळी हाय." आणि उठून मंडपवाल्याशी भांडायला निघून गेले.

त्या रात्री मला झोप नाही. मला नोकरीवरून काढतील ह्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती होती. माझ्या "लागत नाही"ला आता काय किंमत राहिली? सात वर्षांत माझ्याकडं दुसरं काही जमलं नव्हतं. सर्टिफिकेट नाही, दुकान नाही. गिऱ्हाईक भाऊंना नाही तर मला विचारायला लागलं होतं, "काय रिठद, लागते का?" तेवढीच माझी कमाई. ती मी हळदीच्या हातानं पुसून टाकली होती. पुढचे चार दिवस भाऊंनी मला एकही गाडी तपासू दिली नाही. स्वतः वाकत होते. एक अक्षर बोलले नाहीत. शिवीसुद्धा नाही, आणि तेच वाईट होतं.

पाचव्या दिवशी मांडवपरतणीला जोडी आली. नवरदेव गाडी घेऊन थेट दुकानात. मुलगी मागं, आत्याबाई सोबत. जवाई उतरून म्हणाला, "मामाजी, मांगून आवाज येऊन राह्यला गाडीचा. आमच्या चार जनाले घिऊन गेलो तं जास्तच. पाहून घ्या बरं, साइज चुकला काय?"

भाऊ पोत्यावरून उठले नाहीत. "मले काय विचारता? यानं पास केली तुमची गाडी. याले विचारा."

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. शेजारचा अडत्या होता. मुलगी गाडीच्या दाराला धरून उभी. तिनं माझ्याकडं पाहून मान अगदी थोडी हलवली, नका म्हणून की सांगा म्हणून, मला कळलं नाही. मी हातातला पाना खाली ठेवला.

"पास नव्हती," मी म्हणालो. "लागत होती. मी खोटं बोललो."

जवाई म्हणाला, "म्हंजे काकाले उतरवलं थे..."

"हाव."

"अन् मामाजीचा निरोप?"

"थो बी खोटा."

अडत्या हसायला लागला, कुणी त्याला साथ दिली नाही. जवायाचे कान लाल झाले होते. मग मुलगीच बोलली, हळूच, नवऱ्याला. "मीच सांगतलं होतं त्याहिले. मले भेव वाटलं होतं तुमचं सगळ्याचं." तो तिच्याकडं वळला. शेवटी मला म्हणाला, "मंग आता सांगा ना दादा, कोनता टाकू? अलॉय हेच ठेवाचे हायेत मले. लय हौसेनं घेतले."

मला माहीत होतं भाऊ काय म्हणतील. त्यांचं मत ठरलेलं, रांगतीला सोळाच्या वर जायचं नाही, अलॉय विकून टाक. मी खडू घेतला नाही, डोक्यातच केलं. "अलॉय राहू द्या. दोनशे पाच, पंचेचाळीस, सतरा. मूळच्या चाकाएवढीच उंची येते. भिंत पातळ हाय, खड्ड्यात जपा लागन. अन् गाडी एक बोट वर उचला."

"खाली बसवाले पैसे देले मी."

"एक बोटच. कोनाले दिसनार नाही."

"पुढं?" भाऊ म्हणाले. पाच दिवसांत पहिल्यांदाच. जवायाकडं नाही, माझ्याकडं पाहून.

मग आठवलं. ह्या साइजमध्ये वजन पेलायचे दोन आकडे येतात, चौऱ्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी. टायर दिसायला सारखंच, दुकानदार कोणतंही देतो. "अठ्ठ्याऐंशीचं पायजे. चौऱ्याऐंशीचं नाही. मूळच्या टायरवर अठ्ठ्याऐंशीच होतं."

भाऊंनी तेच टायर अकोल्याहून मागवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, मी बसवलं, गाडी एक बोट वर घेतली. गेरू लावला. घरात कुणी जाड माणूस राहिला नव्हता, आत्याबाई रुसून घरीच बसल्या होत्या. मी अडत्याकडं कट्टे आणायला निघालो तर मागून गाडीचं दार वाजलं.

भाऊ मागच्या सीटवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. त्यांच्या शेजारी मुलगी, पलीकडं जवाई, पुढं अडत्याला जवळजवळ ओढून बसवलेला. गाडी खाली गेली.

"मी पाहू, भाऊ?" मी विचारलं.

"मंग कोन पायन? मी आत हावो ना." काच खाली करून त्यांनी तोंड बाहेर काढलं. "चक्कर मार, अन् उतरून नीट बोटं घाल. बावळटावानी उभा काहून हाय? गरमी होऊन राह्यली इथं."